एकतिसावं मिनिट

"तुमच्या व्हिडिओचा आलेख सगळ्यांसमोर लावला तर चालेल का?" असं मी काकूंना आदल्या रात्री फोनवर विचारलं होतं. "लाव की," त्या म्हणाल्या, "तीन वर्षांत रिटायर होतेय, आता कसली लाज!"

काकू म्हणजे महाराष्ट्र साहित्य सभेतली आईची मैत्रीण. इथे इंदूरलाच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. घरी मी त्यांना काकू म्हणते, कार्यशाळेत मॅडम. त्या मात्र दोन्हीकडे 'अगं' म्हणूनच हाक मारतात.

प्राध्यापकांना ऑनलाइन कोर्स रचायला आणि शिकवायला मदत करणं हे माझं काम. कार्यशाळेचा पाचवा दिवस होता. साडेनऊला पोहे आले. त्यांवर जिरावण मसाला भुरभुरवत एक सर म्हणाले, "यूजीसीनं २०२१ पासून सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरून करायची मुभा दिलीय. पोरं तिकडे गेली की आम्ही इथे पोहेच खायचे का?" सगळे हसले, पण ते हसू काही फार खरं नव्हतं.

माझा मुद्दा तयार होता. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या कोर्सेसवर २०१४ साली एक अभ्यास झाला. व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासल्यावर दिसलं की व्हिडिओ केवढाही लांब असो, विद्यार्थी साधारण ६ मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. म्हणून तुकडे करा, दर तुकड्यामागे एक प्रश्न ठेवा, आणि त्यातून मुलांना काय करता आलं पाहिजे हे आधी लिहा. पुरावा म्हणून काकूंचं ४८ मिनिटांचं लेक्चर घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर मोबाइल उलटा टांगून, कागदावर पेननं लिहीत त्यांनी ते घरीच रेकॉर्ड केलं होतं. माझी कापलेली आवृत्ती यायला उशीर झाला, म्हणून मूळ व्हिडिओची यूट्यूब लिंक त्यांनी मुलांना देऊन टाकली होती.

पडद्यावर आलेख आला: कोणत्या मिनिटाला किती जण बघतायत, याचा. सहाव्या मिनिटाच्या आसपास रेघ घसरली. मी विजयी मुद्रेनं वळले, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "आणि तो डोंगर कसला?"

एकतिसाव्या मिनिटाला रेघ ताडकन वर गेली होती. मुलं मागे जाऊन जाऊन तोच भाग बघत होती. खरं सांगायचं तर मी आलेख सुरुवातीपुरताच पाहिला होता.

"तिथे माझं चुकलंय," काकू शांतपणे म्हणाल्या.

व्हिडिओ लावला. अ‍ॅडियाबॅटिक प्रसरण चाललं होतं. बाहेरून उष्णता शून्य, वायू पसरतोय. कार्याचं चिन्ह काकूंनी ऋणऐवजी धन धरलं आणि उत्तर आलं की तापमान वाढलं. पेन थांबलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग काकूंचा आवाज, हिंदीतून: "रुको. ऐसा कैसे होगा? साइकिल के ट्यूब से हवा छोड़ो तो हाथ को ठंडी लगती है ना?" त्यानंतर चार मिनिटं त्या एकेक ओळ मागे जात राहिल्या. पसरताना काम वायूच करतो, त्याची ऊर्जा तो स्वतःच्याच खिशातून देतो, मग तो गरम होईलच कसा? शेवटी चिन्ह सापडलं.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मला मात्र घाम फुटला, कारण माझ्या आवृत्तीत ही चार मिनिटं नव्हतीच. 'चुका, अडखळणं, घरातले आवाज काढून टाका' हे माझ्याच यादीतलं तिसरं कलम. मी ते कबूल केलं.

"अगं, तू ते कापलंस?" काकूंना हसू आवरेना.

आलेखातला डोंगर म्हणजे नुसता गोंधळही असू शकतो, म्हणून मूडलवरचा, म्हणजे कोर्सच्या ऑनलाइन वर्गातला, चर्चामंच उघडला. सत्रभर ओस पडलेल्या त्या मंचावर या एका लेक्चरखाली अकरा नोंदी होत्या. एकानं लिहिलं होतं, "मैडम भी अटकती हैं, फिर ऐसे निकलती हैं." दोघं घरातल्या सायकलची हवा सोडून बघून आले होते.

दुपारचं प्रश्नपेढीचं सत्र मी सोडून दिलं. प्रत्येकानं आपल्या विषयात मुलं कुठे अडकतात, आणि आपण स्वतः कधीकाळी कुठे अडकलो होतो, ते लिहायचं ठरलं. पोह्यांवरून बोललेले सर गणिताचे निघाले. त्यांनी दोन पानं भरली आणि वर तिसरं मागितलं.

आठवड्याभरात काकूंनी तोच भाग नव्यानं, छोटा, मुद्दाम चूक करून रेकॉर्ड केला. "नाटक वाटतंय," त्याच म्हणाल्या, आणि तसंच होतं. मग जुनाच तुकडा घेतला. फक्त 'रुको'पाशी व्हिडिओ थांबवून प्रश्न टाकला: तापमान वाढेल की घटेल, आणि का? उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुकरची शिट्टी तेवढी काढू का, असं मी विचारलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी वरण करपलं होतं, त्याची आठवण."