भिजत घोंगडं

घरच्या घरी क्लीनर करण्याच्या कुठल्याही व्हिडिओत एक दृश्य हमखास असतं. सिंकच्या जाळीवर खायच्या सोड्याचा पांढरा ढीग, त्यावर ओतलेलं व्हिनेगर आणि मग जो काही फेस उसळतो! बघणाऱ्याला वाटतं, आत घाणीशी तुंबळ युद्ध पेटलंय. पेटलेलं असतं खरं, पण ते या दोघांचं आपापसात. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. समोरासमोर आले की दोघं एकमेकांची धार बोथट करून मोकळे होतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार विरघळलेलं पाणी. त्या पाण्याने पाइपात थिजलेलं तेल जागचं हलत नाही. बुडबुड्यांनी थोडा सैल कचरा सुटतो, पण तेवढं काम नुसतं गरम पाणीही करतं, आणि तेही गाजावाजा न करता.

पण आपल्याला गाजावाजा लागतो. साबणाला फेस आला नाही तर तो साबण वाटत नाही, आणि फरशी पुसल्यावर घरभर घमघमाट सुटला नाही तर ती पुसल्यासारखी वाटत नाही. खरं तर या सुगंधाचा मळ निघण्याशी काडीचा संबंध नसतो. विकतच्या बाटलीत बहुतेक पाणीच असतं, त्यात थोडं कामाचं रसायन, थोडा रंग आणि थोडा वास. म्हणजे नळाला येतं तेच पाणी आपण दुकानातून उचलून घरी आणतो, वर प्लास्टिकही आणतो.

सोडा आणि व्हिनेगर यांना एकमेकांपासून लांब ठेवलं, तर दोघंही गुणी आहेत. तेलकट, चिकट, करपट असेल तिथे सोडा. खायच्या सोड्याचा सामू (म्हणजे pH, आम्ल-अल्कली मोजायचं माप) सव्वाआठच्या आसपास, म्हणजे स्वभाव तसा सौम्य, आणि कण इतके मऊ की घासताना सहसा ओरखडा उठत नाही. धुण्याचा सोडा मात्र तिखट. त्याचा सामू ११ च्या घरात, हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. दोघं सख्खे भाऊच. खायचा सोडा चांगला तापवला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि उरतो तो धुण्याचा सोडा.

व्हिनेगरचा प्रांत वेगळा, पाण्यातल्या क्षारांचा. नळाच्या तोंडाशी साचणारा पांढरा, खडबडीत थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो घासणीला दाद देत नाही, चाकूने खरवडला तर नळाचं पॉलिश जातं आणि थर तसाच राहतो. अशा वेळी एक जुनं फडकं व्हिनेगरमध्ये बुडवून नळाच्या तोंडाभोवती गच्च गुंडाळावं, वर रबरबँड लावावा आणि आपल्या कामाला लागावं. तासाभराने फडकं उचलून बघितलं तर कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. हे बुडबुडे मात्र खऱ्या कामाचे, कारण इथे थर विरघळतोय. नखाने टोकरलं तर मघाचा दगड आता ओल्या खडूसारखा लागतो. जाळीची बुजलेली भोकं एकेक करून उघडतात आणि वाकडीतिकडी उडणारी धार पुन्हा सरळ पडायला लागते. जुन्या ब्रशने दोन हात मारले, पाणी ओतलं, की झालं.

घरगुती व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असतं साधारण ५ टक्के. एवढ्याशा आम्लाने दगड झालेला थर मऊ कसा पडतो? पडतो, कारण आपण त्याला वेळ दिलेला असतो. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये सफाईचं गणित एका वर्तुळात मांडलं. त्यात वाटेकरी चार: रसायन, उष्णता, घासण्याचा जोर आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला की बाकीच्यांचा वाढवावा लागतो. हे वर्तुळ डोक्यात बसलं की घरगुती क्लीनर स्वस्त का पडतात तेही कळतं. जहाल बाटली दोन मिनिटांत काम करते. आपलं बिचारं पाच टक्क्यांचं व्हिनेगर तासभर मागतं. एरवी भिजत घोंगडं ठेवणाऱ्याला आपण नावं ठेवतो. सफाईत मात्र तोच माणूस शहाणा ठरतो.

व्हिनेगरच्या वासाने नाक मुरडणारेही असतातच. तो वास सुकला की जातो, हे त्यांना कितीही सांगा. त्यांच्यासाठी सायट्रिक आम्लाचे खडे बरे, पाण्यात विरघळवले की थरावर तसेच चालतात आणि वास अजिबात नाही. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. काचांसाठी म्हणाल तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी आणि धागे न सुटणारं फडकं. काचेवर जे फराटे उठतात, ते बहुतेक वेळा जास्त झालेल्या साबणाचे असतात.

आता ज्या शब्दावर हा सगळा संसार उभा आहे, त्या ‘नैसर्गिक’कडे वळू. या शब्दाने माणसं फार निर्धास्त होतात. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. नळावरचा थर खाणारं व्हिनेगर संगमरवरी ओटाही तितक्याच आवडीने खातं, आणि गेलेली चकाकी पुसून परत येत नाही. साध्या साबणाच्या पाण्यात व्हिनेगर घातलं तर साबण फुटतो आणि वर तेलकट गुठळ्या तरंगतात. हे निदान हसण्यावारी नेता येतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू पडलं तर मात्र क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. म्हणून घरी भरलेल्या प्रत्येक बाटलीवर आत काय आहे ते ठळक लिहावं, आणि सरबताच्या बाटलीत तर काहीच भरू नये. आणखी एक, मळ काढणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. रोजच्या ओट्याला साबण-पाणी पुरे, पण घरात कुणाला उलट्या-जुलाब सुरू असतील तर तिथे व्हिनेगरवर विसंबू नये, रीतसर जंतुनाशकच आणावं.

या सगळ्यात मला मनापासून आवडणारं काम म्हणजे करपलेलं पातेलं. पातेलं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमचं सोड्याने काळं पडतं. तळाला डांबरासारखा थर बसलेला असतो आणि घरातला प्रत्येक जण ते पातेलं दुसऱ्याच्या वाट्याला यावं म्हणून सिंकमध्ये थोडं थोडं मागे सरकवत असतो. त्यात थर बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून मंद आचेवर एक उकळी काढावी. पाणी आधी पिवळट होतं, मग चहासारखं तपकिरी, आणि थराच्या कडा वर वळायला लागतात. गॅस बंद करून रात्रभर तसंच सोडून द्यावं. सकाळी लाकडी उलथनं कडेने सरकवलं की थराची पापडी सुटून येते, कधी तुकड्यांनी, कधी अख्खी. नाहीच आली तर पाणी बदलावं, पुन्हा दोन चमचे सोडा घालावा आणि कुणी विचारलंच तर सांगावं, भिजत घातलंय.