मोरचुदाची नळी : चौथी नोंद

मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) निळा रंग चायना ग्रासच्या घट्ट थरातून किती वेगाने खाली उतरतो, ते काचेच्या नळीत मोजणं चालू आहे. मागची नळी वाया गेली होती. चायना ग्रासचा थर काचेपासून सुटला आणि निळा रंग मधून न उतरता कडेकडेने खाली पळाला. या वेळी नळी आधी गरम पाण्याने शेकली, मगच चायना ग्रास ओतलं. रात्रभर निवू दिलं आणि सकाळी वर मोरचुदाचं दाट पाणी सोडलं.

निळी कड पहिल्या तासात 4 मिमी उतरली. 4 तासांनी 8, 9 तासांनी 12, 16 तासांनी 16. दुप्पट अंतराला चौपट वेळ! शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी 1855 मध्ये मांडलेल्या, पदार्थ पसरण्याच्या नियमातून निघणारं हेच प्रमाण कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या आमच्या गॅलरीत साध्या पट्टीने मोजता आलं, याचा आनंद अजून ओसरलेला नाही. बर्फाच्या डब्यात ठेवलेली तशीच दुसरी नळी 9 तासांत 8 मिमीवरच होती.

वेग का मरतो? कण धक्के खात भरकटतात, दाटीकडून विरळाकडे सरकतात, आणि रंग जितका लांब जातो तितका दाटीचा हा उतार सपाट होत जातो.

इंग्रजीत रंगाच्या अशा पसरण्यालाही डिफ्यूजन म्हणतात आणि समाजात नवी गोष्ट पसरण्यालाही. आपण रंगाचं विसरण म्हणतो, विचारांचा प्रसार. मराठीने दोन शब्द ठेवले ते फार बरं केलं. समाजशास्त्रज्ञ रायन आणि ग्रॉस यांनी 1943 मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. संकरित मक्याचं बियाणं 1933 पर्यंत जेमतेम 10 टक्क्यांनी घेतलं होतं, पुढच्या तीनच वर्षांत ते 40 टक्क्यांवर गेलं. माहिती विक्रेत्याकडून मिळाली, पण खात्री पटली शेजाऱ्याकडून. कागलकडे माझ्या मामांनी उसाचं पाचट जाळायचं बंद केलं, तेव्हा दोन वर्षं लोक नुसते बांधावर उभे राहून बघत होते. तिसऱ्या वर्षी चौघांनी जाळलं नाही. मोरचुदाचा कण आणखी कण तयार करत नाही; पटलेला शेतकरी मात्र चौघांना पटवतो.

याला घरातला जोड म्हणजे विरजण; तेही पसरता पसरता वाढतं. पसरणारी गोष्ट वाटेत वाढतही असेल तर तिची कड मंदावत नाही, एकसारख्या वेगाने सरकते, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1937 मध्ये गणिताने दाखवलं. म्हणून पाचव्या नळीत दूध, चायना ग्रास आणि लाल कोबीचा रस, वर चमचाभर दही. आंबटपणा वरून खाली सरकेल तसा रंग गुलाबी व्हायला हवा. पट्टी चिकटवून ठेवली आहे, दर तासाला वाचणार.