आजी, पंखा आणि 26 तास

एकोणीस दिवस आमच्या घरात एकच भांडण चाललेलं, पंख्याचं. मी डिलिव्हरीसाठी पुण्याहून माहेरी सोलापूरला आलेले, महिना मे, दुपारी पारा 43 ला टेकलेला, आणि आजीचं म्हणणं बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही. कानात कापूस घाल, डोक्याला रुमाल बांध, पंखा बंद. मी चालू करायचे, ती पाणी प्यायला उठल्यासारखी उठायची आणि जाता जाता बंद करायची. शेवटी आईने तह करून दिला की रेग्युलेटर दोनवर राहील, तर आजी तो गुपचूप एकवर आणायची आणि विचारलं की म्हणायची, "मी कुठं हात लावला गं, व्होल्टेज कमी असल."

आमचं घर पूर्व भागात आहे. ज्यांनी तो भाग बघितलाय त्यांना सांगायला नको, मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, टॉवेलचे, आणि त्यांची खटखट सकाळपासून रात्रीपर्यंत कानाला अशी चिकटलेली असते की ती ऐकूच येत नाही. पोरगी त्या खटखटीतच झोपायला शिकलेली. पुण्याहून नवरा फोन करायचा तेव्हा विचारायचा, मागे कसला आवाज येतोय, मी म्हणायचे कुठला आवाज.

तर त्या दिवशी पाचच्या सुमाराला वळीव आला. आधी धूळ, मग कुणाचा तरी पत्रा धाडकन, मग टपोरे थेंब, वीस मिनिटांत सगळं उरकलं. त्या वीस मिनिटांत कधीतरी लाईट गेली पण आम्हाला कळलं ते खटखट थांबल्यामुळे. सगळे माग एकदम गप्प. आणि ती शांतता अशी काही होती की गाढ झोपलेली पोरगी दचकून उठली आणि भोकाड पसरलं. शेजारच्या अक्का गॅलरीतनं ओरडल्या, "करंट पोयिंदी!" आमच्या गल्लीत लाईट गेल्याची बातमी तेलुगूतच येते, लहानपणापासून.

पहिला अर्धा तास मी निवांत होते कारण घरात इन्व्हर्टर आहे. म्हणजे होता. 150 एएचची बॅटरी, धड असती तर दोन पंखे आणि दोन एलईडी ट्यूबा सहा-सात तास आरामात ओढल्या असत्या. ती 40 मिनिटांत टूं टूं करून मेली. पप्पांना विचारलं डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलं होतं, तर ते छताकडे बघायला लागले. आठ वर्षांची बॅटरी, तिच्याकडून तरी काय अपेक्षा ठेवायची म्हणा.

1912 ला फोन लावून कंप्लेंट नोंदवली. पप्पा कोपऱ्यावर जाऊन बघून आले, कडुलिंबाची फांदी तारांवर पडलेली आणि डीपीतनं काळं तेल गळत होतं. वायरमन मघाच्या पावसात भिजलेला, तसाच खांबावर चढलेला, तो खाली उतरून म्हणाला, "काका, ट्रान्सफॉर्मरच गेलाय की, दुसरा यायला उद्या उजाडंल." त्याच्यावर चिडून काय उपयोग, त्याच्या अंगावरचा शर्ट पिळला असता तर बादली भरली असती.

तर रात्र काढायची होती. पोरगी 36 व्या आठवड्यात झालेली, वजन सव्वादोन किलो, ओढायला कमजोर, त्यामुळे डॉक्टरांनी पंपने दूध काढून वाटी-चमच्याने पाजायला सांगितलेलं. माझं सगळं टाइमटेबल विजेवर. पंप चार्जिंगचा, दूध फ्रीजरमध्ये, पाणी मोटरवर, आणि माझी बुद्धी मोबाईलवर जो 31 टक्क्यांवर होता.

मी पहिली गोष्ट काय केली असेल तर फ्रीजच्या दाराला सेलोटेप लावला. खरंच लावला. कारण आमच्याकडे फ्रीज म्हणजे काही नको असताना उघडून बघायची जागा आहे, पप्पा तर विचार करायचा असला की फ्रीज उघडून उभे राहतात. दार बंद राहिलं तर खालचा फ्रीज साधारण चार तास गार राहतो, फ्रीजर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक दिवस. आमचा अर्धाच होता, त्यात मटारची पिशवी आणि माझ्या दुधाच्या पाच पिशव्या. पाच पिशव्या ऐकायला कमी वाटतात, पण ज्या बाईने रात्री तीनला बसून तीस-तीस एमएल जमवलंय तिला विचारा.

पंपाचं चार्जिंग आठला संपलं. मग हाताने काढलं. हे आधी हॉस्पिटलमध्ये सिस्टरने एकदा दाखवलेलं, तेव्हा मी मनात म्हटलेलं आपल्याला कशाला लागतंय. ताजं दूध बाहेर चार तास चालतं ते 25 डिग्रीच्या आत, आमच्या खोलीत त्या रात्री काय असेल देव जाणे, म्हणून साठवायचं नाही, काढलं की लगेच पाजायचं आणि मधेमधे सरळ अंगावर घ्यायचं असं ठरवलं.

पाऊस पडला की गार होतं हा समज सोलापुरात फार तर तासभर टिकतो. नंतर स्लॅब दिवसभराचं ऊन परत द्यायला लागतो आणि वरून दमट. नऊपर्यंत खोली म्हणजे बंद डबा झालेली. पोरगी रडायली, आई झुलवायली, मी रडायच्या बेताला. आजीने तेवढ्यात पोरीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली पाय गार पडलेत, मोजे घाला. डोक्यावर टोपडं होतंच, खाली दुपटं, त्यावर आणखी एक दुपटं. मी म्हटलं आजी, पायावरनं कळत नाही, तान्ह्या बाळाचे हातपाय गारच असतात, मानेला हात लाव. खरं तर मला वाटलेलं आता एक तास भाषण. पण तिने मानेखाली बोटं घातली, ती घामाने ओली झाली, ती बोटं तिने स्वतःच्या पदराला पुसली आणि एक शब्द न बोलता टोपडं काढलं. मग दुपटं. मग दुसरं दुपटं. नुसत्या लंगोटावर आली तशी पोरगी दोन मिनिटांत गप.

"घुसमटली व्हती," आजी म्हणाली, जसं काही टोपडं मीच घातलेलं.

त्यानंतरची सूत्रं आजीकडे गेली आणि मी ती काढून घेतली नाहीत. तिने आयुष्यभर घरी बसून विड्या वळल्या, तीन पोरं झोळीत टाकून, पत्र्याच्या खोलीत. मुलायम जुन्या लुगड्याचा तुकडा कोमट पाण्यात पिळून तिने पोरीच्या गळ्याच्या वळ्या, काखा, मांड्या टिपून घेतल्या. मी गार पाणी घेऊ का विचारलं तर म्हणाली, "तुला हुडहुडी भरवायचीय का तिला?" पावडर मी लावू दिली नाही, ती नाकात जाते, तर आजी म्हणाली नको लावू, घामोळ्याला काय पावडर लागत नाही. दोघींचं एकमत झाल्याची ही घरातली पहिलीच वेळ असावी.

दोन गोष्टींवर मात्र मी अडले. एक, डासांसाठी धुरी. रोज संध्याकाळी ओवा, वेखंड, लसणाची सालं शेगडीत टाकून ती खोलीभर फिरवते, त्या दिवशी तर वारं बंद, धूर जाणार कुठे. नाही म्हणजे नाही, मच्छरदाणी लावा. कॉइलही नको. आणि मच्छरदाणीच्या आसपास मेणबत्ती नको, आईने लावलेली मी विझवली, टॉर्च चालेल. दुसरी, साखरपाणी. "पोरीचा घसा सुकलाय, चमचाभर दे." सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही, दुधातच पाणी असतं, तिला तहान लागली तर ती जास्त पिते, पाणी मला पाज. हे आजीला पटलं का माहीत नाही, पण तिने माठाचा तांब्या माझ्या उशाशी ठेवला आणि रात्रभर दर तासाला "प्यालीस का" विचारत राहिली.

अकराला आम्ही गच्चीवर गेलो. सगळी गल्ली गच्चीवर होती. कुणी चटई, कुणी खाट, बाजूच्या गच्चीवरनं कन्नड, पलीकडनं तेलुगू, मधे आमची मराठी, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, पोरगी कशी आहे. अक्कांनी त्यांची मच्छरदाणी आणून दिली, ती डिशच्या पाइपला बांधली. बाळंतीण उघड्यावर झोपली हे पाहून आजीला रात्री झटका यायला हवा होता, पण तिने फक्त माझे कान बांधले.

मी टॉर्चच्या उजेडात लंगोट मोजत होते. दिवसाला सहा ओले म्हणजे पोटात दूध पुरेसं जातंय असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पहाटेपर्यंत माझे सात झाले, मला बोर्डाच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता. थर्मामीटरही दोनदा लावला, 100.4 झाला की थेट दवाखाना हे ठरलेलं, इतक्या लहान बाळाला ताप आला तर घरी वाट बघायची नसते. आजी थर्मामीटर वगैरे काही बघत नव्हती, ती दर थोड्या वेळाने टाळूवर अलगद तळवा ठेवायची. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "टाळू खोल गेली की पाणी कमी पडलं समजायचं." हेच मला डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर छापून दिलेलं.

नवरा पुण्यातनं लिंका पाठवत होता. 4 टक्के बॅटरीवर मला "टेन टिप्स" आलेल्या. मी फोन बंद केला.

दुसरा दिवस जास्त वाईट गेला. टाकीतलं पाणी सकाळीच संपलं, मोटर नाही, पप्पांनी हौदातनं बादल्या काढून वर आणल्या आणि लंगोट तेवढे धुतले. दहाला त्यांनी रसवंतीवाल्याकडनं बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर आणली, रस्ताभर पाणी गळत. फ्रीजरचा सेलोटेप काढला. पाचपैकी दोन पिशव्यांत अजून बर्फाचे खडे होते, त्या थर्मासच्या डब्यात बर्फावर ठेवल्या, खडे शिल्लक असले तर परत गोठवता येतं. दोन वितळलेल्या पण अजून गार होत्या, त्याही बर्फावर, त्या दिवसभरात पाजून संपवल्या. एक पार कोमट झालेली, ती मोरीत ओतताना मी खरोखर रडले. साठ एमएल होतं.

दुपारी बाराला कोरडं वारं सुटलं आणि तेव्हा कुठे ओल्या चादरीचा उपयोग झाला. रात्री पण आम्ही खिडकीला ओली चादर लावलेली पण हवाच दमट, पाणी उडणार कुठे, ती नुसती लोंबकळत राहिली. दुपारी मात्र तीच चादर पंधरा मिनिटांत वाळायची, म्हणजे तेवढं वारं गार होऊन आत यायचं. आजी म्हणाली चादर काढ, टॉवेल लाव, टॉवेल जास्त पाणी धरतो. मागवाल्यांकडनं सेकंडचे चार टॉवेल आले, एकाला बॉर्डर नव्हती, एकाला दोन होत्या.

एक ते चार आजी पाळण्याशेजारी साडीच्या बॉक्सचं झाकण घेऊन वारं घालत बसली. पंचाहत्तरीची बाई. हात बदलायची, थांबायची नाही. मी म्हटलं आजी, वारं लागेल तिला. ती म्हणाली, "हे वारं वेगळं."

सातला मागच्या गल्लीतनं एक माग सुरू झाला. खट. खट. मग दुसरा, मग सगळे. "करंट वच्चिंदी!" आख्खी गल्ली ओरडली. पोरीने एकदा डोळे उघडले, खटखट ऐकली आणि परत झोपली. डोक्यावर पंखा सुसाट फिरायला लागला, रात्री लाईट येईल या आशेने मी रेग्युलेटर पाचवर ठेवलेला.

आजी गुडघ्याला हात लावून उठली, रेग्युलेटर एकवर आणला आणि माझ्या कानात घालायला कापूस शोधायला लागली.