"इथे राहायचं कोण?" – ल्वारकाठचे तीन शातो

गडावर पोचल्यावर माझ्या मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी कुठलं?" टाकं दिसल्याशिवाय ती किल्ल्याला किल्ला मानत नाही. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवर टीजीव्ही या वेगवान गाडीत बसतानाच तिने मला बजावलं, "शातो म्हणजे किल्लाच ना? मग आधी टाकं दाखव."

गाडी साधारण सव्वा तासात ल्वार नदीच्या खोऱ्यात पोचते. गावाचं नाव तूर आणि जवळच्या नदीचं नाव शेर, त्यामुळे मावशीचं पहिल्या पाच मिनिटांतच वातावरणाशी जमलं.

शातो हा शब्द तसा फसवा. बुरूजबंद किल्ला असो, राजाचा शिकारीचा वाडा असो की एखाद्या सरदाराची हवेली, फ्रेंचांना सगळं शातोच. या खोऱ्यात लोक जे बघायला येतात, त्यातलं बरंचसं बांधकाम इंग्रजांबरोबरचं शंभर वर्षांचं युद्ध १४५३ मध्ये संपल्यानंतरचं. लढाईची धास्ती गेली होती आणि राजांना इटलीच्या स्वाऱ्यांमध्ये तिथल्या महालांची चटक लागली होती. त्यामुळे बुरूज आहेत, पण ते शोभेचे. खिडक्या एवढ्या मोठ्या की तोफ कशाला, गोफण पुरे.

आम्ही आठ सीटची मिनीबस घेतली होती. एका दिवसात तीन शातो, "गाईडसह". कंपनीचं नाव सांगत नाही, पण हा शब्द नीट वाचून घ्या. आमचा गाईड म्हणजे ड्रायव्हरच. गाडी चालवताना तो फार सुरेख बोलायचा, मात्र शातोच्या दारात तिकीट हातात देऊन, "दीड तासाने इथेच भेटू" म्हणत कॉफी प्यायला निघून जायचा. त्याला आत शिरून माहिती सांगायची मुभा नव्हती म्हणे. त्यामुळे गाडीत ऐकलेलं डोक्यात साठवायचं आणि आत गेल्यावर आठवायचं, अशी कसरत दिवसभर चालली.

पहिलं आंब्वाज, तेही घाईत. इथे आठव्या शार्ल राजाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि काही तासांत तो गेला. साल १४९८, वय २७. टेनिसच्या पूर्वजासारखा एक खेळ बघायला तो निघाला होता. मावशी म्हणाली, "आमच्या वाड्यात दिंडीतून येणाऱ्या प्रत्येकाला आजोबा ओरडून सांगायचे, डोकं सांभाळा. याला सांगणारं कुणी नव्हतं?" आवारातल्या छोट्या चॅपलमध्ये लिओनार्दो दा व्हिंचीची म्हणून दाखवतात ती कबर आहे. फ्रान्स्वा पहिला या राजाच्या बोलावण्यावरून तो १५१६ मध्ये म्हातारपणी आल्प्स ओलांडून आला, बरोबर मोनालिसा घेऊन, आणि इथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या घरात २ मे १५१९ रोजी वारला. ते घर बघायचं राहिलं. दुसऱ्यांदा गेले तर आंब्वाजला अख्खा दिवस देईन.

मग शनाँसो. दिवसभरातला माझा सगळ्यात आवडता तास इथला.

झाडांच्या लांबलचक रांगेतून चालत गेलं की आधी एक एकटा गोल बुरूज दिसतो, जुन्या गढीतला एवढाच उरलेला. आणि त्याच्या शेजारी विहीर! मावशीने वाकून आत बघितलं, समाधानाने मान हलवली आणि शनाँसोला किल्ल्याचा दर्जा देऊन टाकला.

मुख्य शातो चक्क शेर नदीच्या पात्रात उभा आहे, जुन्या पाणचक्कीच्या दगडी खांबांवर. तोमा बोइए हा राजाचा खजिना सांभाळणारा माणूस. त्याने १५१३ मध्ये जागा घेतली, पण तो बराच काळ लढायांच्या निमित्ताने बाहेर. काम करून घेतलं ते त्याची बायको कातरिन ब्रिसोने हिने. नंतर शातो राजाकडे गेला आणि दुसऱ्या आंरीने १५४७ मध्ये तो दिला दियान द प्वातिएला. दियान त्याची प्रेयसी, त्याच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी. हिशेबाला पक्की बाई. तिने बागा लावल्या आणि शातोपासून पलीकडच्या काठापर्यंत पूल बांधून घेतला.

१५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात आंरीच्या डोळ्यात भाल्याची ढलपी घुसली आणि तो गेला. मग राणी कातरिन द मेदिची पुढे आली. तिने दियानला शनाँसो सोडायला लावलं आणि बदल्यात शोमाँचा शातो दिला. दियानच्या पुलावर तिने ६० मीटर लांबीचं दालन चढवलं आणि तिथे नाचगाण्याच्या मेजवान्या दिल्या. आज दियानच्या शयनगृहात जा, शेकोटीच्या वर तसबीर आहे ती कातरिनची. मावशी दोन मिनिटं बघत राहिली. "सवतीच्या खोलीत आपला फोटो! ही बाई साधी नव्हे."

वरच्या मजल्यावर मात्र ती गप्प झाली. कातरिनचा मुलगा तिसरा आंरी १५८९ मध्ये मारेकऱ्याच्या सुऱ्याने गेला. त्याची विधवा लुईज शनाँसोला येऊन राहिली. फ्रान्सच्या राण्यांच्या रिवाजाप्रमाणे ती पांढऱ्या कपड्यांत राहायची, म्हणून लोक तिला पांढरी राणी म्हणत. खोली मात्र काळी. भिंतींवर चांदीसारख्या रंगात अश्रूंचे थेंब, वैधव्याची खूण असलेल्या दोऱ्या, काट्यांचे मुकुट. मावशी हळूच म्हणाली, "आमच्या आजोळी एक आत्याआजी होती, लाल आलवणातली. तिची खोलीसुद्धा माजघरामागे अशीच अंधारी होती." एवढं बोलून ती खाली निघाली.

खाली, म्हणजे खांबांच्या पोटात, स्वयंपाकघर. तांब्याची भांडी ओळीने टांगलेली, भलीमोठी चूल, मांस कापायचे ओंडके. सामान होडीतून थेट इथल्या धक्क्याला लागायचं. इथे मावशीने सगळ्यात जास्त फोटो काढले. वरच्या प्रत्येक दालनात ताज्या फुलांची रचना होती, फुलं शातोच्या स्वतःच्या बागेतली. ती बदलणारी, तांबं घासणारी माणसं आत्ता असतील कुठे, हा तिचा प्रश्न; आमचा गाईड तिकडे कॉफी पीत होता.

त्या लांब दालनाचे पुढचे दिवस मला मेजवान्यांपेक्षा जास्त भावले. क्रांतीच्या काळात मालकीण मादाम द्युपाँने, हा शातो नसून आसपासचा एकमेव पूल आहे असं सांगून तो वाचवला, अशी गोष्ट सांगतात. पुढे १९१३ मध्ये तो मेनिए या चॉकलेटवाल्या घराण्याकडे आला. पहिल्या महायुद्धात त्यांनी स्वखर्चाने दालनात खाटा टाकून इस्पितळ चालवलं. २,२५४ जखमी सैनिकांवर इथे उपचार झाले. आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्सची हद्द शेर नदीवरून जात होती. पुढचं दार व्याप्त भागात, दालनाच्या टोकाचं मागचं दार पलीकडे. लोकांना या दालनातून गुपचूप पार नेलं जायचं. मी त्या मागच्या दाराने बाहेर पडले, दहा पावलं गवतात चालले आणि परत आले.

जेवायला वाटेत थांबलो. मावशी शाकाहारी, म्हणून इथलं प्रसिद्ध बकरीच्या दुधाचं चीज मागवलं. लांबट नळकांडं, मधोमध गवताची काडी, बाहेरून राख फासलेली. "चीज आहे की गोसावी?" असं म्हणत तिने बरंच संपवलं.

शाँबोर शेवटी होतं. जंगलातून गाडी बाहेर पडते आणि समोर एकदम १५६ मीटर लांबीची पांढरी भिंत, वर धुराड्यांचं आणि मनोऱ्यांचं गाव. सगळे "वॉव" म्हणाले. मावशी म्हणाली, "इथे राहायचं कोण?"

उत्तर तिथेच फलकावर मिळालं. फ्रान्स्वाने १५१९ मध्ये काम सुरू केलं. खोल्या ४२६, जिने ७७, शेकोट्या २८२. भोवतीचं शिकारीचं जंगल ५,४४० हेक्टर, त्याला ३२ किलोमीटरची भिंत. आणि ३२ वर्षांच्या कारकिर्दीत राजा इथे राहिला जेमतेम ७२ दिवस. दरबार कायम फिरतीवर असायचा. राजा यायचा तेव्हा पलंग, पडदे, भांडी गाड्यांवर लादून बरोबर यायची आणि त्याच्याबरोबरच परत जायची. फर्निचरला फ्रेंचमध्ये आजही "मब्ल" म्हणतात, म्हणजे हलवता येणारं. मधल्या काळात एवढा डोलारा रिकामा, थंड. काही खोल्या आजही ओक्याबोक्या वाटतात. भाड्याच्या टॅबलेटवर त्या सजवून दाखवतात, पण मला रिकाम्याच बऱ्या वाटल्या. १९३९ मध्ये युद्ध तोंडावर आलं तेव्हा पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातली चित्रं खोक्यांत भरून इथेच आणली होती, त्यात मोनालिसाही. युद्धाची सगळी वर्षं इथे लुव्रची खोकी होती, राजापेक्षा कितीतरी जास्त दिवस.

छताच्या कमानींवर जिकडेतिकडे फ्रान्स्वाचं चिन्ह कोरलेलं, सॅलमँडर हा पालीसारखा प्राणी. तो आगीत जळत नाही असा तेव्हाचा समज. मावशीला त्या पालीच दिसल्या. "राजाच्या डोक्यावर एवढ्या पाली! यातली एखादी चुकचुकली असती तर?"

मधोमध तो प्रसिद्ध जिना. एकाच खांबाभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले. एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा भेटतच नाहीत. कल्पना लिओनार्दोची असावी असं म्हणतात, पुरावा नाही. आम्ही दोघी दोन वेगळ्या दारांनी शिरलो. मधल्या खांबातल्या झरोक्यांतून तिची निळी साडी दिसायची, पुन्हा गायब. "अगं, आहेस का?" "आहे, चढ तू." तिच्या गुडघ्यांमुळे मी प्रत्येक झरोक्याशी थांबत होते, आणि ती माझ्या आधी वर पोचली होती.

गच्चीवर धुराड्यांमधून गल्लीत फिरावं तसं फिरता येतं. त्यांच्यावर काळ्या पाटीच्या दगडाचे गोल आणि चौकोन बसवलेत. मावशी बोट रोखून धुराडी मोजायला लागली. वर किती दिसतात ते बघू, म्हणाली. खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग फोन केला.

"एकोणचाळीस झाली," ती जिन्याकडे वळत म्हणाली. "लक्षात ठेव गं."