ऊन पडलं होतं, तरी पाणी चढत होतं

गेल्या शनिवारी इथं अमेरिकेत, ह्यूस्टनला, गणपतीच्या तयारीला जमलो होतो. नुकताच मास्टर्सला आलेला एक मुलगा सहज म्हणाला, "काका, इथं कुणी कुणाला विचारत नाही. आपल्याकडं कसं, हाक मारली की माणसं धावत येतात." बोलणं पुढं मखरावर आणि मोदकांवर गेलं. मी मात्र त्या वाक्यापाशीच राहिलो. इथं आल्यावर पहिली काही वर्षं मीही हेच सगळ्यांना सांगत होतो.

25 ऑगस्ट 2017 च्या रात्री हार्वे चक्रीवादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मग पुढं सरकेचना. नेडरलंड नावाच्या गावात त्या चार-पाच दिवसांत 60 इंचांवर पाऊस झाला. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन मातीची धरणं आहेत. एरवी कोरडी असतात. आत फुटबॉलची मैदानं, सायकलचे रस्ते. त्या आठवड्यात ती काठोकाठ भरली आणि 28 तारखेच्या पहाटे दारं उघडून पाणी सोडायला सुरुवात झाली. विसर्ग 13 हजार क्युसेकच्या पुढं गेला. कोयनेचे लाखाचे आकडे ऐकत वाढलेल्या सांगलीकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण धरणांखालचा बफेलो बायू नावाचा प्रवाह म्हणजे आपल्या हिशेबानं ओढाच.

आमचं घर त्या ओढ्यापासून बरंच लांब. पाऊस उघडला, 30 तारखेला ऊन पडलं. शेजारी बाहेर येऊन हुश्श करत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. डोक्यावर ऊन असताना पाणी कसं चढतं हे सांगलीच्या पोराला शिकवावं लागत नाही. दुपारी पाणी दारात आलं.

आम्हाला बाहेर काढलं ते लुइझियानाहून आलेल्या दोन भावांनी. मासेमारीची स्वतःची बोट गाडीला जोडून, रात्रभर गाडी चालवत आले होते. 2005 च्या कॅटरिना वादळापासून अशी माणसं निघतात, 'केजन नेव्ही' म्हणतात त्यांना. सरकारी कुणी नसतं त्यात. ज्यांच्याकडं बोटी आहेत त्यांनी मदतीला यावं, असं हॅरिस काउंटीचे, म्हणजे ह्यूस्टनच्या जिल्ह्याचे, तेव्हाचे प्रमुख एड एमेट यांनीच जाहीर सांगितलं होतं. शहरात जिम मॅकिंगव्हेल या फर्निचरवाल्यानं आपली दुकानं उघडली आणि नव्या कोऱ्या गाद्यांवर लोकांना झोपवलं. मशिदी उघडल्या, चर्च उघडली. विद्यापीठाजवळ अडकलेल्या आपल्या दोनशे मुलांपर्यंत इथल्या भारतीयांनी डबे पोचवले.

पण मला सांगायचंय ते पाणी ओसरल्यानंतरचं.

घरात पाणी बारा दिवस होतं. आपल्याकडचं विटांचं घर पूर गेल्यावर धुता येतं. इथलं सोलावं लागतं. भिंत म्हणजे लाकडी सांगाडा, त्याच्या पोकळीत कापसासारखं भरण आणि वरून शीटरॉकचे तक्ते. ते टीपकागदासारखं पाणी ओढतात आणि आठवड्याभरात बुरशी छताकडं चढते. म्हणून जमिनीपासून चार फुटांपर्यंत सगळ्या भिंती कापून, आतलं ओलं भरण उपसून बाहेर टाकायचं. मी आणि बायको एका हातोडीनं दोन दिवस ते करत होतो. एक खोलीसुद्धा पुरी झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक पिकअप थांबला. चौघं उतरले. पुढचा साठीचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. नाव विचारायच्या आधी त्यानं विचारलं, "किती फूट होतं?"

कृष्णाकाठी पूर ओसरला की पहिला प्रश्न हाच असतो.

आधी त्यांनी एक कागद सहीला दिला. काही मोडलं, कुणाला लागलं तर कुणी कुणावर दावा करायचा नाही, अशा अर्थाचा. त्याचा मला तेव्हा राग आला होता. मदतीला आलेल्या माणसाकडून कधी कुणी सही घेतली आहे का आपल्याकडं? पण सही केल्यावर संध्याकाळपर्यंत ते थांबलेच नाहीत. एक जण रेघ मारायचा, दुसरा कापायचा, बाकीचे ढकलगाडीनं रस्त्याकडेला ढीग रचायचे. तो साठीचा माणूस प्रत्येक वस्तू उचलून विचारायचा, "ठेवायचं की टाकायचं?" फुगलेलं देवघर हातात आलं आणि तो थबकला. आत चिखलानं माखलेला पितळी गणपती होता. त्यानं हातमोजे काढले, बाटलीतल्या पाण्यानं स्वतःचे हात धुतले आणि मग मूर्ती दोन्ही हातांनी उचलून माझ्या बायकोकडं दिली. ती तीन दिवसांत पहिल्यांदा तेव्हा रडली.

जाताना मी पैसे पुढं केले. त्याला ते आवडलं नाही. म्हणाला, मागच्या ऑगस्टमध्ये लुइझियानात, बॅटन रूजला माझं घर बुडालं होतं, तेव्हा टेक्ससहून माणसं आली होती.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, हा आता तिकडचाच झाला. तसं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. आई-बाबा गावभागात, माडीवर. त्यांना उतरवलं ते आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी, आईला खुर्चीसकट. खेड्यापाड्यांतून भाकरी-चटणीच्या चळती येत होत्या. कुणी कुणाची सही घेतली नाही. त्याच आठवड्यात सांगलीजवळच्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. बातमी बघून ऑफिसातल्या एकानं विचारलं, "लाइफ जॅकेट का नव्हती?" प्रश्न बरोबर होता. तरी मला तो लागला. "आमची पोरं जीव धोक्यात घालून काढतात," असं काहीतरी मी त्याला तोडून बोललो.

मी गेलो नाही तेव्हा. पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता, निघालो असतो तरी वाटेतच अडकलो असतो. शिवाय हार्वेनं आमचे साठवलेले पैसे खाल्ले होते, कारण आमचं घर पूररेषेच्या बाहेर, पुराच्या विम्याची गरज नाही, असं एजंटानं सांगितलं होतं. ही कारणं खरी आहेत. बाबाही फोनवर म्हणाले, "येऊ नकोस, पोरं आहेत इथं." पोरं होती, पण मी नव्हतो.

महिन्याभरात इमेल्डा वादळ आलं. टेक्ससमध्येच बोमाँटकडं चाळीस इंचांवर पाऊस. शनिवारी पहाटे मी हातोडी, करवत आणि बूट गाडीत टाकून निघालो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरासमोर थांबलो आणि तोंडातून आपोआप आलं, "किती फूट होतं?"

दुपारी भाकरतुकडा खायला पायरीवर बसलो तेव्हा बाबांचा फोन आला. तिकडं रात्र झाली होती. मागून ठोकाठोकी ऐकून त्यांनी विचारलं, कुठं आहेस.

"एकांच्या भिंती काढतोय. पूर आला होता."

"ओळखीचे आहेत?"

"नाहीत."

बाबा थोडं थांबले. म्हणाले, "कोपऱ्यातलं नीट काढ. तिथंच ओल राहते."