वीस किलोमीटरच्या आत: घर इटलीत, नोकरी स्वित्झर्लंडमध्ये

लुगानोचा पगार आणि कोमोचं घरभाडं ही जोडी कागदावर फार देखणी दिसते. लुगानो ज्यात येतं त्या स्वित्झर्लंडच्या टिचिनो कँटनमध्ये (म्हणजे राज्यात) रोज सीमा ओलांडून कामाला येणारे ८० हजारांच्या घरात आहेत, म्हणजे हिशेब बऱ्याच जणांचा जमतो. पण तो जमतो की फसतो हे पगाराच्या आकड्यापेक्षा तुमचा पासपोर्ट कोणता, इटलीतला पत्ता कुठला आणि कोणतं काम कोणत्या तारखेच्या आत केलंत, यावर जास्त ठरतं.

आधी पासपोर्ट, कारण भारतीय नागरिकाचं गाडं इथेच अडतं. सीमापार कामगाराला, म्हणजे इथल्या बोलीत ‘फ्रोन्तालिएरे’ला, स्वित्झर्लंडचा जी परवाना लागतो. युरोपीय संघाच्या नागरिकाला तो सहज मिळतो: नोकरी कायम किंवा किमान एक वर्षाची असेल तर पाच वर्षांसाठी, आणि आठवड्यातून एकदा तरी इटलीत परतायचं एवढीच अट. भारतीय पासपोर्टवर मात्र इटलीत कायम वास्तव्याचा हक्क हवा, सीमेलगतच्या पट्ट्यात किमान सहा महिने राहणं झालेलं हवं, आणि नोकरीही स्विस बाजूच्या सीमापट्ट्यातच हवी. पहिला परवाना एका वर्षाचा असतो. शिवाय या जागेसाठी स्थानिक किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही हे मालकाला दाखवावं लागतं. नोकरीवर बेतलेलं साधं, मुदतीचं ‘पेर्मेसो दी सोजोर्नो’, म्हणजे इटलीचा वास्तव्य परवाना, इथे चालत नाही. पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर मिळणारं दीर्घकालीन वास्तव्याचं कार्ड हातात पडेपर्यंत लुगानोतल्या मुलाखतींवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. इटलीच्या कार्डावर शेंगेनमध्ये फिरता येतं, म्हणून पलीकडे कामही करता येईल, हा गैरसमज फार पसरलेला आहे. फिरण्याची मुभा आणि कामाची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी.

आणखी एक खाच. कार्ड नूतनीकरणाला दिलं की पोस्टातून मिळणारी पावती इटलीत चालते, पण तिच्या जोरावर दुसऱ्या शेंगेन देशात जाता येत नाही. रोज सीमा ओलांडणाऱ्याने त्यामुळे अर्ज अगदी लवकर टाकावा आणि मूळ कार्ड व पासपोर्ट कायम जवळ ठेवावा. तपासणी रोज होत नाही. होते तेव्हा मोबाइलमधला फोटो उपयोगाचा नसतो.

आता कर. १९७४ चा जुना करार साधा होता: कर फक्त स्वित्झर्लंडमध्ये. डिसेंबर २०२० मध्ये सही झालेला नवा करार १७ जुलै २०२३ ला अमलात आला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. ३१ डिसेंबर २०१८ ते १७ जुलै २०२३ या काळात ज्यांनी टिचिनो, ग्राउब्युंडेन किंवा वाले कँटनमध्ये सीमापार कामगार म्हणून काम केलं ते ‘जुने’. त्यांना जुनाच नियम. बाकी सगळे ‘नवे’. नव्यांचा स्विस कर पगारातूनच कापला जातो, पण नेहमीच्या दराच्या ८० टक्केच. मग तेच उत्पन्न इटलीत दाखवायचं आणि तिथे बसणाऱ्या करातून स्विस कर वजा करायचा.

सीमेपासून २० किलोमीटरच्या आतल्या गावांची अधिकृत यादी आहे आणि तुमचं गाव त्या यादीत असावं लागतं. कोमो, वारेसे, लुइनो आहेत, मिलान नाही. मिलानहून रेल्वेने लुगानो गाठता येतं हे खरं, पण करारापुरते तुम्ही फ्रोन्तालिएरे ठरत नाही आणि स्वित्झर्लंड पूर्ण दराने कर कापतं. करारात तत्त्वतः रोज घरी परतणं अपेक्षित आहे. कामानिमित्त वर्षातून ४५ दिवसांपर्यंत तिकडे मुक्काम झाला तर चालतो. परवान्याची ‘आठवड्यातून एकदा’ आणि करारातली ‘रोज’ या दोन अटींची गल्लत करून आठवडाभर लुगानोत खोली घेणारे नंतर पस्तावतात.

हे सगळं पगारपत्रकावरच्या एका अक्षरात उमटतं. टिचिनोत करकपातीच्या ओळीत नव्यांसाठी आर (एकटे), एस (विवाहित, एकच कमावणारा), टी (दोघेही कमावते) किंवा यू (एकट्याने मूल सांभाळणारे) असं अक्षर असतं. जुन्यांना आणि पट्ट्याबाहेरच्यांना ए, बी, सी, एच. तुम्ही २०२४ नंतर रुजू झालात, कोमोत राहता आणि पत्रकावर ए दिसतंय, तर पहिल्याच महिन्यात पगार विभागाला विचारा. असं बहुधा पत्त्याचा दाखला वेळेवर न पोचल्याने होतं.

इटलीतला हिशेब ठोकताळ्याने असा. समजा वार्षिक पगार ६० हजार युरोइतका आहे. वृद्धापकाळ विमा ५.३ टक्के, बेकारी विमा १.१ टक्का आणि पेन्शन फंडाचा तुमचा हिस्सा मिळून ६ हजार गेले असं धरा. उरले ५४ हजार. नव्या फ्रोन्तालिएरेला १० हजार युरोची सूट, म्हणजे करपात्र ४४ हजार. २०२४ च्या दरांनी पहिल्या २८ हजारांवर २३ टक्के, म्हणजे ६,४४०. पुढच्या १६ हजारांवर ३५ टक्के, म्हणजे ५,६००. एकूण १२,०४०. स्वित्झर्लंडने ४ हजार कापले असतील तर साधारण ८ हजार भरायचे राहतात. यात बारीकसारीक भर-घट होते: नोकरदाराची सवलत थोडं कमी करते, प्रांताचा आणि नगरपालिकेचा अधिभार थोडं वाढवतो. १० हजारांचा तुकडा इटलीत करमुक्त असल्याने स्विस कराची वजावटही त्या प्रमाणात घटते, हे ऑनलाइन कॅल्क्युलेटर अनेकदा विसरतात.

खरा दणका दुसऱ्या वर्षी बसतो. पहिल्या वर्षभर इटलीत एक पैसाही कापला जात नाही आणि खात्यातली शिल्लक आपलीच वाटते. पुढच्या जूनअखेरीस गेल्या वर्षाचे ८ हजार एकरकमी देय होतात आणि त्यासोबत चालू वर्षाच्या आगाऊ कराचा साधारण ४० टक्क्यांचा पहिला हप्ता, म्हणजे ३,२००. नोव्हेंबरअखेरीस उरलेले ४,८००. एका वर्षात १६ हजार. जूनच्या रकमेचे हप्ते पाडून मिळतात, पण त्यावर व्याज लागतं. म्हणून पहिल्या पगारापासून दर महिन्याला सात-आठशे युरो वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं विसरून जा. उत्पन्न लपवण्याचा विचार असेल तर तो सोडाच: स्वित्झर्लंड दरवर्षी २० मार्चपर्यंत पगाराची माहिती इटलीला कळवतं.

घरून काम करायला मिळत असेल तर कामाच्या वेळेच्या २५ टक्क्यांपर्यंत करारात बसतं. पूर्णवेळ नोकरीत आठवड्याला एक दिवस निश्चिंतपणे, दोन दिवस नाही.

आरोग्यविम्याला तीन महिन्यांची मुदत आहे आणि ती कुणासाठी थांबत नाही. इटलीची सरकारी आरोग्यसेवा ठेवायची की स्विस विमा घ्यायचा, हे कामाला लागल्यापासून तीन महिन्यांत लेखी कळवावं लागतं. ही निवड एरवी बदलता येत नाही. मुदत चुकवली तर कँटनकडून स्विस विमा गळ्यात पडू शकतो. अपघात विम्याचं वेगळं काही करावं लागत नाही. तो मालकाकडूनच असतो आणि आठवड्याला किमान आठ तास काम असेल तर कामाबाहेरचे अपघातही त्यात येतात.

नोकरी गेली तर बेकारी भत्ता इटली देते. स्विस बाजूकडून यू१ फॉर्म, म्हणजे तिकडे काम केल्याचा दाखला, मागून घ्या आणि नोकरी संपल्यापासून ६८ दिवसांच्या आत अर्ज करा. स्विस कायद्यात काढून टाकणं सोपं आहे: पहिल्या वर्षात एक महिन्याची नोटीस, दुसऱ्यापासून नवव्या वर्षापर्यंत दोन, पुढे तीन. इटलीतल्या नोकरीची सुरक्षितता गृहीत धरून मोठं गृहकर्ज काढू नये.

जाण्या-येण्याचं म्हणाल तर क्यास्सो, मेंद्रिझिओ आणि लुगानो स्टेशनच्या आसपास नोकरी असेल तर रेल्वेच. कोमोहून एस१० ही लोकल, वारेसेहून एस५०. २०२० मध्ये चेनेरीचा बोगदा उघडल्यापासून लुगानो ते बेलिन्झोना पंधरा-वीस मिनिटांवर आलं आहे, त्यामुळे बेलिन्झोनाची नोकरीही आवाक्यात आली. लावेना पोंते त्रेझाला राहणारे बरेच जण आणखी साधं करतात: त्रेझा नदीवरचा पूल पायी ओलांडायचा आणि पलीकडून लुगानोला जाणारी छोटी रेल्वे पकडायची. पुलावर मोटारींची रांग मुंगीच्या पावलाने सरकत असते आणि पायी माणूस दोन मिनिटांत दुसऱ्या देशात.

गाडीने जाणाऱ्यांना ब्रोजेदाचं नाकं ओलांडलं की थेट स्विस महामार्ग लागतो, त्यामुळे ४० फ्रँकची वार्षिक पट्टी, म्हणजे महामार्गाचा टोल भरल्याची खूण, पहिल्या दिवसापासून हवी. नसेल तर २०० फ्रँक दंड. ऑनलाइन पट्टी नंबरप्लेटला जोडलेली असते आणि काचेवर काही चिकटवावं लागत नाही. शहरातल्या नाक्याने क्यास्सोत शिरून तिथेच काम असेल तर तीही लागत नाही. कंपनीने स्विस नंबरची गाडी दिली तर खूश होण्याआधी ती इटलीच्या परदेशी वाहनांच्या नोंदवहीत घाला. इटलीत राहणाऱ्याने परदेशी नंबरची दुसऱ्याची गाडी वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त वापरली तर २०२२ पासून ही नोंद सक्तीची आहे.

सहकाऱ्यांनी इटलीतून मटण आणायला सांगितलं तर माणशी दिवसाला एक किलोपर्यंतच. पुढच्या प्रत्येक किलोला १७ फ्रँक जकात. एकूण खरेदीची करमुक्त मर्यादा २०२५ पासून १५० फ्रँकवर आली आहे.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे तुमच्या इटालियन सिमला तिथे मोफत रोमिंग असेलच असं नाही, प्लॅन तपासा. सीमेजवळच्या घरात तर फोन स्वयंपाकघरात इटलीचं आणि गॅलरीत स्विस नेटवर्क पकडतो, म्हणून नेटवर्कची निवड आपोआप न ठेवता हाताने करा. आणि कॅलेंडर दोन्हीकडचं लावा: २५ एप्रिल आणि २ जूनला इटलीत शाळा बंद, पण टिचिनोत ऑफिस चालू, १९ मार्च आणि १ ऑगस्टला नेमकं उलट, टिचिनोत सुट्टी आणि इटलीत नेहमीचा दिवस.