ग्वांगझौ-शेनझेनला जाताय? आधी फोन तयार करा

ऑक्टोबरच्या कँटन फेअरला, म्हणजे चीनमधल्या ग्वांगझौच्या व्यापारी जत्रेला, जाऊन आलो. १९५७ पासून वर्षातून दोनदा भरणारी ही जत्रा किती मोठी आहे, कुठल्या हॉलमध्ये काय मिळतं, हे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ असतं. मला लिहायचंय ते वेगळंच. आठ दिवस तिथे माझं जेवण, प्रवास, व्यवहार, सगळं ज्याच्यावर अवलंबून होतं त्या फोनबद्दल. माझ्यामागून जाणाऱ्यांची धावपळ थोडी जरी वाचली तरी पुष्कळ झालं.

सोबतीला मावसभाऊ होता. तो सिंगापूरला असतो, मी चिंचवडला. एकाच टेबलावर ठेवलेले आमचे दोन फोन दोन वेगळ्या जगांतले निघाले. त्याच्या सिंगापूरच्या नंबरवर वीचॅट, म्हणजे चीनमधलं गप्पांचं आणि पैसे देण्याचं ॲप, चालत होतं. माझ्याकडे ते नव्हतंच, कारण २९ जून २०२० ला भारताने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात वीचॅटही होतं. फेअरमध्ये प्रत्येक स्टॉलवर पहिला प्रश्न एकच, "वीचॅट?" नाही म्हटलं की समोरचा क्षणभर गोंधळतो. परदेशाशी रोजचा व्यवहार असलेले काही जण व्हॉट्सॲप बाळगतात, पण सगळे नाही. म्हणून ईमेल ठळक छापलेली व्हिजिटिंग कार्डं भरपूर न्या. माझी तिसऱ्या दिवशीच संपली.

पैशांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त घाम तिथे फुटला. चीनमध्ये भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे पैसे द्यायला दोन क्यूआर कोड असतात, हिरवा वीचॅटचा आणि निळा अलिपेचा. आपल्या यूपीआयचा तिथे उपयोग नाही. पण २०२३ पासून अलिपेला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडणं परदेशी माणसाला बरंच सोपं झालंय. मी पुण्यातूनच ॲप घेतलं, पासपोर्टचा फोटो चढवला, कार्ड जोडलं आणि निश्चिंत झालो. ग्वांगझौला उतरल्यावर पहिल्याच बिलाला कार्ड नाकारलं गेलं! आपल्याकडची कार्डं परदेशासाठी मुळात बंदच असतात, तो पर्याय आपणच चालू करावा लागतो. मी तो दुकानातल्या खरेदीसाठी चालू केला होता आणि ऑनलाइनसाठी विसरलो होतो. अलिपेचा व्यवहार बँकेच्या लेखी ऑनलाइन. तेव्हा निघायच्या आधी दोन्ही चालू करा, मर्यादा वाढवा, आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्डही जोडून ठेवा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम फोनमधून काढू नका.

अजून एक. दोनशे युआनपर्यंतच्या बिलाला अलिपे परदेशी कार्डावर शुल्क लावत नाही, त्यावर गेलं की तीन टक्के. आमचं एका रात्रीचं जेवण ३८० झालं, मालकिणीने हसत हसत दोनदा १९० करून घेतले. बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा लागतो, तो चुकत नाही. शे-दोनशे युआनच्या सुट्ट्या नोटाही खिशात असू द्या.

इंटरनेटची गंमत मला हॉटेलात कळली. फेअरमधून आईशी छान व्हिडिओवर बोललो होतो. खोलीवर येऊन वायफाय जोडलं आणि व्हॉट्सॲपवरचं ते छोटं घड्याळ हलेचना. कारण साधं आहे. रोमिंगवर तुमचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतो, म्हणून गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा चालतं. हॉटेलचं वायफाय मात्र परदेशी ॲप अडवणाऱ्या चीनच्या सरकारी इंटरनेट-भिंतीच्या आत असतं. फेसबुक तिथे २००९ पासून बंद आहे, व्हॉट्सॲप २०१७ पासून. घरी कोणी वाट बघत असेल तर रोमिंग पॅक मोठाच घ्या. वायफायच्या भरवशावर माणसाला ताटकळत ठेवू नका.

गूगल मॅप्स उघडेल, पण त्यावर चालू नका. चीनमध्ये नकाशे सरकारी नियमाने ठरलेल्या वेगळ्या अक्षांश-रेखांश पद्धतीवर काढावे लागतात, त्यामुळे ठिकाणं काहीशे मीटर सरकलेली दिसतात. शेनझेनमध्ये मी हॉटेलच्या दारात उभा होतो आणि निळा ठिपका रस्त्यापलीकडच्या इमारतीत. भावाच्या आयफोनवरचा ॲपलचा नकाशा अचूक होता, कारण चीनमध्ये तो तिथल्याच गाओदचा डेटा वापरतो. गाओद म्हणजे तिथलं घरोघरीचं नकाशा-ॲप, अलिबाबाच्या मालकीचं.

टॅक्सीसाठी दीदी. उबरने चीनमधला धंदा २०१६ मध्ये दीदीलाच विकला. वेगळं ॲप घ्यायची गरज नाही, अलिपेच्या आतच दीदी इंग्रजीत उघडतं. गाडीत बसताना चालक तुमच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो. ते स्क्रीनवर मोठे लिहून दाखवा.

ग्वांगझौ साउथहून शेनझेन नॉर्थला वेगवान रेल्वेने अर्धा-पाऊण तास लागतो. रेल्वेचं स्वतःचं १२३०६ ॲप इंग्रजीत आहे, पण आम्ही ट्रिप डॉट कॉमवरून तिकीट काढलं. चिनी लोक प्रवासासाठी जे शिएचंग ॲप वापरतात, त्याच कंपनीचं हे परदेशी लोकांसाठीचं, बाहेरचं दार. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. गेटवर अडकलात तर कडेला जिथे माणूस पासपोर्ट तपासतो त्या रांगेत जा.

ही "आतलं दार, बाहेरचं दार" गोष्ट नंतर सगळीकडे दिसू लागली. शेनझेनमधल्या ह्वाचियांगबेइच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक मुलगी फोनच्या केबल हातात नाचवत थेट प्रक्षेपणात विकत होती. मी "टिकटॉक?" म्हटलं, तिने मान हलवली, "दोयीन." कंपनी एकच, बाइटडान्स. पण टिकटॉक चीनमध्ये चालत नाही आणि तिची केबल टिकटॉकवर दिसत नाही. पिनदुओदुओ आणि टेमू या खरेदीच्या ॲपांचंही तेच, पहिलं चीनच्या आतलं, दुसरं बाहेरचं. आपण सहज म्हणतो की चिन्यांनी सगळ्याची नक्कल केली. मला ते आता पटत नाही. उपाहारगृहांचे अभिप्राय देणारं त्यांचं द्यानपिंग २००३ मध्ये सुरू झालं, अमेरिकेतलं येल्प त्याच्या पुढच्या वर्षी. आणि वीचॅटच्या पोटात २०१७ पासून चालणाऱ्या छोट्या ॲपांसारखं माझ्या व्हॉट्सॲपमध्ये काही नाही. एका उपाहारगृहात मेनूकार्डच नव्हतं, टेबलावरचा कोड फक्त वीचॅटमध्ये उघडत होता. भाऊ नसता तर मी उपाशी उठलो असतो. अशा वेळी वेटरला हाक मारा आणि भिंतीवरच्या फोटोंवर बोट ठेवा, ते आनंदाने लिहून घेतात.

शाकाहारी असाल तर "वो छी सू", म्हणजे "मी शाकाहारी आहे", एवढं पाठ करा. आणि गूगल ट्रान्सलेटचा चिनी भाषेचा संच घरूनच डाउनलोड करून न्या, म्हणजे नेट नसलं तरी पाकिटावर कॅमेरा धरून आत डुकराचं मांस आहे का, ते वाचता येतं.